विंडोकूत अडलात? आधी पांढऱ्या घरांकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "साधा सुडोकू, अगदी 'अतिकठीण' लिहिलेलासुद्धा, मी अर्ध्या-पाऊण तासात सोडवते. पण चार करड्या खिडक्या असलेला विंडोकू घेतला की दहा-बारा अंक भरून होतात आणि पुढे सगळं ठप्प. नियम जास्त म्हणजे माहिती जास्त, मग सोपं जायला हवं ना? त्या खिडक्या नेमक्या वापरायच्या कशा? कर्णांचा सुडोकू आणि पाच जाळ्यांचा सामुराई यांतही असंच होतं." सोबत अडलेल्या कोड्याचा फोटो आहे.

तुमचा तर्क बरोबर आहे, नियम जास्त म्हणजे माहिती जास्त. पण कोडं रचणाऱ्यालाही ते ठाऊक असतं, म्हणून तो दिलेले अंक कमी करतो. साध्या सुडोकूला एकच उत्तर यायचं असेल तर किमान १७ अंक द्यावेच लागतात, हे डब्लिनच्या गॅरी मॅग्वायर यांच्या गटाने २०१२ मध्ये संगणकावर सगळ्या शक्यता तपासून दाखवलं. विंडोकूला १७ पेक्षा कमी अंकही पुरतात. म्हणजे तुमच्या हातातले अंक गेले आणि बदल्यात चार खिडक्या आल्या, म्हणजे जाळ्याच्या आत ३×३ घरांचे चार करडे तुकडे, ज्या प्रत्येकातही १ ते ९ एकेकदाच यायला हवेत. त्या खिडक्यांमधून अंक काढता आले नाहीत तर तुम्ही साध्या सुडोकूपेक्षाही कमी शिदोरीवर चालताय. फोटोतल्या खुणा बघितल्या तर नेमकं हेच झालेलं दिसतं. तुम्ही ओळी, स्तंभ, चौकोन नेहमीसारखे बघता आणि अंक लिहिण्याआधी 'खिडकीत हा अंक आधीच नाही ना?' एवढंच तपासता. खिडकी तुमच्याकडे पहारेकऱ्यासारखी उभी आहे, तिला कामाला लावलेलंच नाही.

घरांचा पत्ता मी (ओळ, स्तंभ) असा लिहीन. (४,२) म्हणजे वरून चौथी आडवी ओळ, डावीकडून दुसरा उभा स्तंभ. चौकोन म्हणजे जाड रेषांचे नेहमीचे ३×३, वर डावीकडून मोजायला सुरुवात केली की नववा खाली उजवीकडे येतो. पहिली खिडकी ओळी २ ते ४ आणि स्तंभ २ ते ४ मध्ये. दुसरी त्याच ओळींत, पण स्तंभ ६ ते ८ मध्ये. तिसरी आणि चौथी त्यांच्या बरोबर खाली, ओळी ६ ते ८ मध्ये. एक कागद घेऊन जाळं आखा आणि माझ्याबरोबर बोट फिरवत चला. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

आधी पहिला चौकोन आणि पहिली खिडकी बघा. दोघांत चार घरं सामाईक आहेत: (२,२), (२,३), (३,२), (३,३). चौकोनात १ ते ९ सगळे अंक येणार, खिडकीतही तेच सगळे येणार. दोन्हीकडून ही सामाईक चार घरं काढून टाका. दोन्हीकडे पाच-पाच घरं उरतात. चौकोनात उरतात (१,१), (१,२), (१,३), (२,१), (३,१), म्हणजे वरची आणि डावी कड. खिडकीत उरतात (२,४), (३,४), (४,२), (४,३), (४,४), म्हणजे उजवी आणि खालची कड. दोन्हीकडून सारखेच चार अंक वजा झाले, म्हणून या पाच घरांत आणि त्या पाच घरांत तेच पाच अंक असतात. कुठल्या क्रमाने ते माहीत नाही, पण अंक तेच.

या जातीची सगळी कोडी मी या एका वजाबाकीवर सोडवते. दोन गट एकमेकांवर चढलेले दिसले की सामाईक भाग दोन्हीकडून काढायचा आणि उरलेलं समोरासमोर ठेवायचं. बाकीच्या युक्त्या याच वजाबाकीची रूपं आहेत.

आता तुमचंच कोडं घेऊ. त्यात (१,८) मध्ये ३ आहे आणि (४,४) मध्येही ३ आहे. साध्या सुडोकूत हे दोन ३ पहिल्या चौकोनाबद्दल फारसं सांगत नाहीत. पहिल्या ओळीतला ३ झाला, तेव्हा चौकोनातला ३ दुसऱ्या किंवा तिसऱ्या ओळीत, सहा घरांपैकी कुठेही. तुमच्या खुणाही अशाच आहेत, सहाही घरांत बारीक ३ लिहिलेला दिसतो. पण (४,४) हे पहिल्या खिडकीच्या कडेवरच्या पाचांपैकी एक घर आहे. तिथे ३ आहे, म्हणजे चौकोनातला ३ त्याच्या समोरच्या पाचांत असायलाच हवा. त्यातली तीन घरं पहिल्या ओळीत आहेत, ती बाद. उरली (२,१) आणि (३,१). सहा घरांवरून दोनवर आलो, आणि दोन्ही पहिल्या स्तंभात. म्हणजे पहिल्या स्तंभात खाली कुठेही ३ येणार नाही.

इथेच थांबू नका, कारण हा धागा पुढेही जातो. त्यासाठी मात्र पांढऱ्या घरांकडे वळावं लागेल.

पीटर रिटमेस्टर यांनी हा प्रकार ऑक्टोबर २००५ मध्ये नेदरलँड्सच्या 'एनआरसी हांडेल्सब्लाट' या दैनिकात पहिल्यांदा छापला. तेव्हापासून तो चार करड्या खिडक्यांनीच ओळखला जातो. नजर साहजिकच करड्या भागावर जाते, आणि निम्मं कोडं हातातून निसटतं ते इथेच.

ओळी २, ३ आणि ४ एकत्र घ्या. तीन ओळी, २७ घरं, प्रत्येक अंक बरोबर तीन वेळा. या २७ घरांत पहिली आणि दुसरी खिडकी अख्ख्या बसतात, म्हणजे १८ घरं गेली आणि प्रत्येक अंक दोनदा संपला. उरली नऊ घरं: या तीन ओळींमधली स्तंभ १, ५ आणि ९ वरची. त्यांत प्रत्येक अंक बरोबर एकदाच येणार! नियमांत कुठेही न लिहिलेला, न रंगवलेला, पण अगदी पक्का असा हा नऊ घरांचा गट आहे.

तीच वजाबाकी ओळी ६ ते ८ वर केली की तिथेही स्तंभ १, ५, ९ चा एक गट मिळतो. स्तंभ २ ते ४ घेतले की ओळी १, ५, ९ मधली नऊ घरं मिळतात. स्तंभ ६ ते ८ मध्येही तसंच. शेवटी ओळी १, ५ आणि ९ एकत्र घ्या आणि त्यांतून आत्ताच मिळालेले हे दोन गट वजा करा. उरतात (१,१), (१,५), (१,९), (५,१), (५,५), (५,९), (९,१), (९,५), (९,९). जाळ्याचे चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि बरोबर केंद्र. या नऊ घरांतही १ ते ९ एकेकदाच. एकूण पाच छुपे गट झाले. चार खिडक्या आणि हे पाच मिळून नऊ गट, आणि ८१ पैकी एकही घर त्यांच्याबाहेर राहत नाही. नियमांत चार जादा गट सांगितलेत, प्रत्यक्षात नऊ आहेत.

मला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा मी ते कागदावर तीनदा मोजून पाहिलं होतं. कोपऱ्यातल्या घराचा आणि केंद्राचा संबंध असू शकतो, हे डोळ्यांना पटतच नाही.

आता ३ चा धागा उचला. पहिल्या चौकोनातला ३ (२,१) किंवा (३,१) मध्ये आहे, हे आपण ठरवलं. ही दोन्ही घरं ओळी २ ते ४ च्या छुप्या गटातली. म्हणजे त्या गटाचा ३ पहिल्या स्तंभातच खर्च झाला आणि पाचव्या स्तंभातल्या (२,५), (३,५) मधून ३ बाद झाला. दुसऱ्या चौकोनात पहिली ओळ (१,८) मुळे बाद, चौथा स्तंभ (४,४) मुळे बाद, आता पाचवाही बाद. उरली फक्त (२,६) आणि (३,६). सहाव्या स्तंभातला ३ वरच अडकला, खाली तो शोधायची गरज उरली नाही. दोन दिलेल्या अंकांतून आपण इतकं लांब आलो, आणि एकदाही 'समजा इथे हा अंक असेल तर' असं म्हणावं लागलं नाही.

तुमच्या कोड्यातलाच ७ बघा. (१,१) मध्ये ७ आणि (८,४) मध्ये ७. पहिल्या चौकोनाचा ७ कोपऱ्यात आहे, म्हणून खिडकीशी सामाईक चार घरांत तो नाही. तेव्हा पहिल्या खिडकीचा ७ समोरच्या पाचांत. त्यातला चौथा स्तंभ (८,४) मुळे बाद, राहिली (४,२) आणि (४,३). म्हणजे चौथ्या ओळीचाही ७ तिथेच आणि चौथ्या चौकोनाचाही तिथेच. आता खाली सातव्या चौकोनात या. पहिला स्तंभ बाद, आठवी ओळ बाद. (७,२) आणि (७,३) तिसऱ्या खिडकीत येतात, आणि त्या खिडकीचा ७ (८,४) मध्ये बसलेला आहे, म्हणून तीही बाद. उरली (९,२) आणि (९,३). दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तंभाचे दोन्ही ७ आता चौथ्या आणि नवव्या ओळीत कोंडले गेले.

मग पाचवी ओळ. तिच्यात ७ कुठे? पहिला स्तंभ बाद. दुसरा-तिसरा बाद, कारण चौथ्या चौकोनाचा ७ चौथ्या ओळीत गेला. चौथा स्तंभ बाद. (५,५) आणि (५,९) तुम्ही उघडी ठेवली आहेत, तसं दिसतंय. पण ती कोपरे-केंद्राच्या छुप्या गटातली घरं आहेत आणि त्या गटाचा ७ (१,१) मध्ये बसलाय. तीही बाद. म्हणजे पाचव्या ओळीचा ७ फक्त स्तंभ ६, ७ किंवा ८ मध्ये. तिथून पुढचं तुमचं तुम्ही ओढून घ्याल.

एक मोजणी सांगते. साध्या सुडोकूत कुठलंही घर इतर २० घरांवर नजर ठेवतं: ओळीतली ८, स्तंभातली ८ आणि चौकोनातली उरलेली ४. विंडोकूत नऊही गट धरले तर (१,१) ची नजर २४ घरांवर पोचते, कारण (५,५), (५,९), (९,५), (९,९) ही चार नवी घरं तिच्या टप्प्यात येतात. आता (२,२) बघा, खिडकीतलं अगदी ठळक करडं घर. तिला नवी घरं मिळतात फक्त तीन: (३,४), (४,३), (४,४). खिडकीतली बाकीची तिच्या ओळीत, स्तंभात किंवा चौकोनात आधीपासूनच आहेत. सगळं जाळं मोजलं तर ६५ घरांना चार-चार नवी घरं मिळतात आणि १६ घरांना तीन-तीन. ती १६ घरं सगळीच्या सगळी करडी आहेत, प्रत्येक खिडकीतली कोपऱ्याच्या चौकोनावर चढलेली चार-चार. एकाही पांढऱ्या घराला चारपेक्षा कमी मिळत नाही. म्हणून शीर्षकात म्हटलं, आधी पांढऱ्या घरांकडे बघा.

मधला, म्हणजे पाचवा चौकोनही मुद्दाम बघा. त्याची नऊ घरं नऊ वेगवेगळ्या गटांत जातात. चार कोपरे चार खिडक्यांत, बाजूंची चार घरं चार छुप्या गटांत आणि (५,५) पाचव्या छुप्या गटात. त्यामुळे तिथे बसलेला प्रत्येक अंक एका नव्या दिशेने बातमी पाठवतो. मधल्या चौकोनात दोन-तीन अंक दिलेले असतील तर मी सुरुवात तिथूनच करते. आणि नेमका याच कारणाने पाचवा चौकोन आणि खिडकी यांची वजाबाकी निरुपयोगी आहे. सामाईक घर एकच, समोरासमोर आठ-आठ घरं उरतात, आणि आठांत तेच आठ अंक आहेत हे कळून काही हाती लागत नाही. वजाबाकी तेव्हाच करा जेव्हा सामाईक भाग मोठा असतो. पाच-पाच हा माझ्या मते वापरण्याजोगा शेवटचा टप्पा. तीन-तीन किंवा दोन-दोन मिळालं तर पर्वणीच.

छुपे गट लक्षात कसे ठेवायचे? ठेवू नका. एका जाड कागदावर ९×९ चं जाळं एकदाच आखा, नऊ गटांना नऊ फिके रंग द्या आणि तो कागद कोड्याशेजारी ठेवा. पंधरा-वीस कोडी झाली की कागदाची गरज आपोआप संपते. मात्र प्रत्यक्ष कोड्यावर रंग फासू नका. त्यात पेन्सिलच्या खुणा दिसेनाशा होतात, आणि विंडोकूत खुणाच आपलं भांडवल. खुणांबद्दल एक विनंती: प्रत्येक घरात सगळे शक्य अंक भरत बसू नका. कुठल्याही एका गटात एखादा अंक दोनच घरांत शक्य असेल तरच त्या दोन घरांत तो बारीक लिहा. वरच्या उदाहरणात (२,१)-(३,१) मध्ये ३, (२,६)-(३,६) मध्ये ३, (४,२)-(४,३) आणि (९,२)-(९,३) मध्ये ७. एवढ्या चार जोड्या कागदावर असल्या की पुढचं पाऊल दिसतं. सगळी घरं आकड्यांनी भरली की काहीच दिसत नाही.

एक धोकाही सांगायला हवा, कारण तुमच्यासारख्या चांगल्या सोडवणाऱ्यांनाच तो बसतो. साध्या सुडोकूत आपण एकमेव उत्तराचा आधार घेतो. दोन ओळी, दोन स्तंभ आणि दोन चौकोन यांत चार घरांचा आयत होतोय आणि चारही घरांत फक्त ३-८ उरतायत असं दिसलं, की म्हणायचं 'असं होऊच शकत नाही, नाहीतर ३ आणि ८ अदलाबदल करून दुसरं उत्तर मिळालं असतं'. विंडोकूत हे डोळे झाकून वापरू नका. (१,२), (२,२), (१,७), (२,७) असा आयत घ्या. यात (२,२) पहिल्या खिडकीत आहे आणि (१,२) एका छुप्या गटात. दोन्हीतले अंक अदलाबदल केले की ते दोन्ही गट मोडतात, म्हणजे दुसरं उत्तर तयारच होत नाही आणि आयत निर्धोक राहू शकतो. याउलट (२,१), (३,१), (२,६), (३,६) हा आयत घेतला तर डावीकडची दोन घरं एकाच छुप्या गटात आणि उजवीकडची दोन एकाच खिडकीत. तिथे अदलाबदलीने काही मोडत नाही, म्हणून जुना नियम लागू पडतो. नियम वापरण्याआधी चारही घरांचे जादा गट तपासा, दहा सेकंदांचं काम आहे. कोडं जवळजवळ पूर्ण झाल्यावर शेवटच्या दोन ओळींत घोटाळा निघतो, त्यामागे अनेकदा हीच चूक असते.

आता कर्ण. कर्णांच्या सुडोकूत दोन्ही कर्णांवरही १ ते ९ एकेकदा यावे लागतात. इथे छुपे गट निघत नाहीत, पण चार कोपऱ्यांची एक गंमत आहे. (१,१), (१,९), (९,१), (९,९) या चारांतली कुठलीही दोन घरं घ्या: ती एका ओळीत, एका स्तंभात किंवा एका कर्णावर असतातच. म्हणजे चारही अंक वेगळे. हेच आत सरकत (२,२), (२,८), (८,२), (८,८) ला लागू होतं, पुढे ३-७ च्या चौकडीला आणि ४-६ च्या चौकडीलाही. अशा चार चौकड्या आणि मधलं केंद्र मिळून कर्णांची १७ घरं होतात. चौकडीत तीन अंक लागलेले असतील तर चौथ्या घराचे पर्याय लगेच आवळले जातात.

कर्णांच्या कोड्यात मी प्रत्येक अंकाबद्दल पहिला प्रश्न विचारते तो केंद्राचा: हा अंक (५,५) मध्ये येऊ शकतो का? आला तर एकटा दोन्ही कर्णांचं काम करतो आणि बाकीची १६ घरं त्याला बंद. नाही आला तर प्रत्येक कर्णावर एक असा तो दोनदा लागणारच. समजा (१,५) मध्ये ६ आहे. पाचवा स्तंभ गेला म्हणजे केंद्र गेलं, शिवाय (१,१) आणि (१,९) गेले. त्यात (७,२) मध्ये आणखी एक ६ असेल तर ओळीमुळे (७,७) आणि (७,३), स्तंभामुळे (२,२) आणि (८,२), आणि चौकोनामुळे (९,१) हीही घरं जातात. १७ पैकी ८ घरं दोन अंकांनी साफ झाली. उरलेल्या नवांत एका कर्णावर पाच आणि दुसऱ्यावर चार. आणखी एखादा ६ लागला की कर्णांवरच्या त्याच्या जागा जवळजवळ ठरल्याच. ओळ, स्तंभ, चौकोन बघत बसण्यापेक्षा एकेक अंक धरून कर्ण साफ करणं इथे जास्त फळतं.

काही कोड्यांत जादा गट अगदी मनमानी आकाराचा असतो, सापासारखा वळलेला किंवा नक्षीसारखा विखुरलेला. तिथे आधी पाहायचं ते इतकंच, की तो गट कुठल्या चौकोनावर, ओळीवर किंवा स्तंभावर सर्वांत जास्त चढलाय. समजा एका चौकोनाची सात घरं त्याने व्यापली. मग चौकोनात दोन घरं उरली, गटातही दोन उरली, आणि दोन्हीकडे तेच दोन अंक. चौकोनाच्या त्या दोनांपैकी एकात ५ लागला तर गटाच्या त्या लांबच्या दोन घरांपैकी एकात ५ यायलाच हवा. एकटा गट कुठेच मोठा चढत नसेल तर दोन शेजारच्या ओळी किंवा दोन चौकोन एकत्र करून बघा. छुपे गट आपण तीन ओळी एकत्र करूनच काढले होते, हे विसरू नका.

एप्रिल २००८ मध्ये तिसरी जागतिक सुडोकू स्पर्धा गोव्यात भरली होती, अमेरिकेच्या थॉमस स्नायडर यांनी ती जिंकली. अशा स्पर्धांत साधे सुडोकू थोडे आणि असे रूपांतरित प्रकारच जास्त असतात. त्या कोड्यांचा सराव करताना मला एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली. वेगाने सोडवणारे लोक नवा आकार समोर आला की पहिला अंक लिहिण्याआधी अर्धा-एक मिनिट नुसतं जाळं न्याहाळतात. गट कुठे एकमेकांवर चढलेत, वजाबाकी कुठे होईल, हे ते आधी ठरवतात. तुम्हीही घरी वेळ लावून सोडवत असाल तर हे मिनिट त्या वेळात धरा, ते वसूल होतं.

सामुराईबद्दल थोडक्यात, कारण तत्त्व तेच आहे. पाच जाळी, मधल्या जाळ्याचे चार कोपऱ्यांचे चौकोन बाकीच्या चारांशी सामाईक, एकूण ३६९ घरं. वर-डावीकडचं जाळं घ्या. त्याची सातवी ओळ शेवटच्या तीन घरांत मधल्या जाळ्याच्या पहिल्या ओळीला मिळते. तीन घरं सामाईक, ती दोन्हीकडून काढा. म्हणजे डावीकडच्या जाळ्यातली उरलेली सहा घरं आणि मधल्या जाळ्यातली उरलेली सहा घरं यांत तेच सहा अंक! डावीकडच्या सहांत ४ दिसला तर मधल्या जाळ्याच्या त्या सहांतही ४ आहे, सामाईक तीनांत नाही. हेच आठव्या-नवव्या ओळीला आणि सातव्या ते नवव्या स्तंभांना लागू. चार कोपऱ्यांत मिळून अशा २४ जोड्या होतात. बहुतेक लोक सामाईक चौकोन पूर्ण भरला तरच पुढच्या जाळ्यात उडी मारतात. या जोड्या वापरल्या तर चौकोन रिकामा असतानाही बातमी एका जाळ्यातून दुसऱ्यात जाते.

मधल्या जाळ्याला मात्र सुरुवातीला हात लावू नका. त्याची स्वतःची घरं ४५च, बाकीची ३६ उसनी, म्हणून त्याला माहिती बाहेरूनच यावी लागते. चारही कोपऱ्यांची जाळी जमेल तितकी पुढे न्या, मग वरच्या सहा-सहाच्या जोड्यांनी मधलं उघडा आणि तिथून परत बाहेर या.

आत्ता तुमच्या विंडोकूत (२,६)-(३,६) च्या ३ वरून आणि पाचव्या ओळीच्या ७ वरून पुढे सरका. पुन्हा अडलात तर नवा फोटो पाठवा, पण पाठवण्याआधी पेन्सिलच्या खुणा खोडू नका. गाडी कुठल्या गटाशी येऊन थांबली, ते मला त्या खुणांवरूनच कळतं.